पैठणची नाथषष्ठी आणि नाथसागराचा काठ : चार दिवसांच्या यात्रासेवेचा अनुभव

फाल्गुन वद्य पंचमीच्या पहाटे अंबाजोगाईहून निघून अष्टमीच्या रात्री परत आणणारी पैठणची यात्रासेवा आमच्या भागातील एक लहान आयोजक चालवतो, आणि यंदा मी माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन तिच्यातून जाऊन आले. माणशी ५,४०० रुपयांत १७ आसनी गाडीचा प्रवास, तीन रात्रींचा मुक्काम, दोन वेळचे जेवण, नाथषष्ठीचा सोहळा, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर पक्षी पाहण्यासाठी एक सकाळ आणि पैठणीच्या मागांची भेट एवढे त्यात ठरलेले होते. यात्रेला नेणाऱ्या सेवेने किती ठिकाणे दाखवली यावरून तिची पारख करण्याची पद्धत मला पटत नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाईपर्यंतचे चालणे, ताटकळणे, ऊन, तहान आणि दमलेल्या पायांना टेकायला जागा, या सगळ्यात ती सेवा आपल्या माणसांना कशी सांभाळते ते मी पाहिले, आणि पुढे जे लिहीत आहे ते त्याच नजरेने लिहीत आहे.

केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई या वाटेने जाताना शेतांतून ज्वारीची काढणी उरकत आली होती, खळ्यांवर कणसांचे ढीग होते आणि बांधांवरचे पळस पेटल्यासारखे फुलले होते. पंचमी म्हणजे रंगपंचमी. गेवराईच्या अलीकडे एका वस्तीपाशी मुलांनी रंगाच्या बादल्या घेऊन रस्ता अडवला, तेव्हा चालकाने काचा वर करून गाडी पुढे दामटण्याऐवजी ती बाजूला घेतली आणि ज्यांना रंग खेळायचा आहे त्यांनी खुशाल उतरावे, असे सांगितले. आमच्यातल्या सहा-सात जणी उतरल्या, दहा मिनिटांत भिजून परत आल्या, आणि त्यांच्यासाठी जुन्या चादरी आधीच आसनांवर पसरलेल्या होत्या. ही तयारी पाहून माझा या सेवेवरचा विश्वास पहिल्यांदा बसला. शहागडच्या पुलावर नदी दिसताच सासूबाईंनी हात जोडून "गंगा आली" म्हटले. गोदावरीला गंगा आणि तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी म्हणणारी ही पिढी आहे. पूल ओलांडून नदीच्या उत्तरेला आल्यावर चालकाने एका निंबाखाली गाडी थांबवून चहा दिला. पाचोडकडून पैठणच्या रस्त्याला लागल्यापासून दिंड्या भेटू लागल्या, आणि तिथून पुढे त्याने एकदाही भोंगा वाजवला नाही.

मुक्कामाची गोष्ट मात्र एवढी चांगली नाही. आम्हाला तळमजल्यावरच्या चार खोल्या मिळतील असे पैसे भरताना सांगितले होते, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मी ते दोनदा विचारून घेतले होते. प्रत्यक्षात तीनच खोल्या मिळाल्या, त्यांपैकी दोन दुसऱ्या मजल्यावर होत्या, आणि नऊ बायकांसाठी एकच संडास होता, तोही जिना उतरून अंगणाच्या पलीकडे. रात्री दोन वाजता सासूबाईंना हाताला धरून २८ पायऱ्या उतरवताना आणि पुन्हा चढवताना मला आयोजकाचा मनस्वी राग आला, आणि सकाळी मी तो त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितला. त्यांनी सबब सांगितली नाही. "काकू, चूक माझी आहे, खोल्यांची आगाऊ रक्कम मी वेळेवर भरली नाही," असे म्हणून दुपारपर्यंत शेजारच्या घरातील ओसरीलगतची एक खोली स्वतःच्या खर्चाने घेऊन दिली. चूक दुरुस्त झाली याचे मला समाधान आहे, परंतु षष्ठीच्या गर्दीत पैठणमध्ये ऐन वेळी खोली मिळणे हा दैवाचा भाग असतो. वृद्धांना घेऊन येणाऱ्या सेवेने तो दैवावर सोडायला नको होता.

षष्ठीचा दिवस या यात्रेचा गाभा आहे. संत एकनाथांनी इ. स. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत जलसमाधी घेतली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, गुरुशिष्यांची पहिली भेट आणि जनार्दनस्वामींची समाधी या घटनाही याच तिथीच्या मानल्या जातात. म्हणून या दिवसाला पंचपर्वाचा मान आहे. आयोजकाने हे सर्व गाडीतच सोप्या भाषेत सांगितले होते, त्यामुळे नाथवाड्यात रांजणापुढे उभे राहिल्यावर आपण कशापुढे उभे आहोत हे कोणाला विचारावे लागले नाही. नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाने राबणाऱ्या श्रीकृष्णाने कावडीने पाणी आणून हा रांजण भरला, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेला त्याची पूजा होऊन त्यात पाणी घालण्यास आरंभ होतो, आणि तो भरून वाहू लागला की देव आले असे मानून सोहळ्याला सुरुवात होते. रांजण जमिनीत पुरलेला आहे, वर केवळ त्याचा काठ दिसतो. सासूबाई त्या काठाला बोटे लावून क्षणभर थांबल्या तेव्हा मागच्या रांगेतून कोणी "चला, चला" म्हणाले. आमच्याबरोबरच्या मुलाने मागे वळून "माऊली, आजी आहेत, एक मिनिट," एवढेच म्हटले, आणि मागची माणसेही लगेच थांबली.

दुपारी गावातील नाथवाड्यातून बाहेरच्या नाथांकडे, म्हणजे नदीकाठच्या समाधी मंदिराकडे, मानाची दिंडी निघते. उन्हाचा कडाका, दुतर्फा माणसांच्या भिंती आणि टाळ-मृदंगाचा एकच गजर यांतून ती हळूहळू नदीकडे सरकत असते. वाळवंटात तर राहुट्यांचे दुसरे गावच वसलेले असते. वर नाथसागरातून या दिवसांसाठी नदीत पाणी सोडतात, म्हणून एरवी फाल्गुनात रोडावलेल्या गोदावरीत स्नानापुरते पाणी होते. परंतु पाण्यापर्यंत पोचायचे म्हणजे तापलेली वाळू तुडवावी लागते, आणि तिथे या सेवेचे सर्वांत चांगले रूप मला दिसले. आयोजकाने आदल्या संध्याकाळीच एका ओळखीच्या दिंडीच्या राहुटीलगत कनात लावून घेतली होती. आत सतरंज्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले तीन मोठे माठ, लिंबू-साखर-मिठाचे पाणी आणि पाय बुडवायला दोन घमेली होती. कनातीपासून पाण्याच्या कडेपर्यंत त्यांनी गोणपाटांची पायवाट अंथरली होती, आणि ती सुकत आली की एक मुलगा बादलीने तिच्यावर पाणी मारत असे. त्या पायवाटेवरून आमच्यापेक्षा परकी माणसेच अधिक गेली. कोणालाही अडवले गेले नाही आणि माठातले पाणीही कोणाला नाकारले गेले नाही. याच गंगेच्या वाळवंटात उन्हाने पोळून रडणारे अस्पृश्य मानलेल्या घरचे मूल नाथांनी कडेवर उचलून त्याच्या घरी पोचवले, ही कथा आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. तिची आठवण कोणी काढली नाही, परंतु सासूबाई शेजारच्या बाईच्या लेकराचे पाय घमेल्यात धुताना पुटपुटत होत्या, त्यावरून त्यांच्या मनात तीच कथा असावी असे मला वाटले.

जेवणाबद्दल थोडक्यात लिहिते. पहिल्या रात्री पनीरची भाजी, पुऱ्या आणि गुलाबजाम असा लग्नाच्या मांडवातला बेत होता. दिवसभर गाडीत बसलेल्या वयस्क माणसांना तो मानवला नाही. षष्ठीच्या रात्री दिंडीच्या पंगतीत येसर आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा मिळाला, तेव्हा सगळे पोटभर जेवले. उरलेले दोन्ही दिवस असाच स्वयंपाक ठेवा, अशी आम्ही विनंती केली आणि ती मान्य झाली. सप्तमीच्या सकाळी धपाटे आणि घट्ट दही आले, ते मला अजून आठवते.

सप्तमीची ती सकाळ आम्ही नाथसागराच्या काठावर घालवली, आणि ज्यांना पैठण केवळ देवदर्शनासाठी माहीत आहे त्यांनी ती चुकवू नये असे मी आग्रहाने सांगेन. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये आणि लोकार्पण इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ मध्ये झाले. मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळची होती. धरण पुढे पैठणला झाले तरी नाव तेच राहिले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या मातीच्या भिंतीला २७ दरवाजे आहेत, आणि मागे पसरलेला नाथसागर भरल्यावर साधारण ३५० चौरस किलोमीटर जमीन व्यापतो. मुलूख सपाट असल्यामुळे पाणी खोल होण्याऐवजी दूरवर पसरते, उन्हाळ्याकडे ते मागे हटू लागले की काठाने उथळ दलदल उघडी पडते, आणि हाच उथळपणा पाणपक्ष्यांना मानवतो. १९८६ मध्ये या परिसराला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

आम्हाला घेऊन जायला जलाशयात मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील एक तरुण आला होता. पहाटे साडेपाचला त्याने आम्हाला गाडीतून उतरवले आणि भडक रंगाच्या ओढण्या, टोप्या पिशवीत ठेवायला लावल्या. पुढे गाळपेरीच्या शेतांमधून, टरबुजांच्या वेलांना जपत, अर्धा किलोमीटर चालायचे होते. जमीन मऊ आणि सपाट असल्याने सासूबाईही काठीच्या आधाराने आल्या. उजाडू लागले तसे पाण्यावर काळ्या ठिपक्यांचे थवे दिसले. त्यांतला एक पक्षी जवळ आला तेव्हा त्याचे काळे अंग आणि चोचीपासून कपाळापर्यंत गेलेला पांढरा शुभ्र पट्टा स्पष्ट दिसला. "याला आम्ही वारकरी म्हणतो. कपाळाचा टिळा बघा," असे तो तरुण म्हणाला, आणि आदल्या दिवशी वाळवंटात हजारो गोपीचंदनाचे टिळे पाहून आलेली आमची मंडळी एकदम गप्प झाली. चांदवा हे त्याचे दुसरे नाव मी शाळेत मुलांना शिकवीत आले होते. वारकरी हे नावही पुस्तकात होते, पण त्या नावाचा अर्थ मला त्या काठावर उभी राहिल्यावर कळला.

पुढे पाण्यात ८०-९० रोहित पक्षी उभे होते. लांब मान खाली वळवून, चोच उलटी पाण्यात बुडवून ते शेवाळ आणि बारीक जलचर गाळून घेतात, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला सगळा थवा एकाच वेळी वाकून काही तरी वेचत असल्यासारखा दिसतो. मध्येच त्यांतले वीसेक उडाले आणि पंखांखालचा लाल-काळा रंग उन्हात झळकला. चोचीवर पिवळ्या-लाल खुणा मिरवणारी हळदी-कुंकू बदके, तांबूस चक्रवाकांच्या दोन जोड्या, शेकाटे आणि डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले अवघे पाच पट्टकादंब आम्हाला दिसले. परतताना एका बाभळीवर पळसमैनांचा थवा इतक्या दाटीने बसला होता की झाडच कलकलत असल्यासारखे वाटले. आमच्या घरी यांना भोरड्या म्हणतात. ज्वारीच्या दिवसांत गोफण घेऊन त्यांना हाकलण्यात सासूबाईंचे बालपण गेले, आणि येथे कोणी त्यांना हाकलत नाही याचे त्यांना नवल वाटले.

या सकाळीबद्दल दोन गोष्टी वाचकांना सांगणे मला आवश्यक वाटते. पहिली अशी, की पक्ष्यांसाठी उत्तम काळ मार्गशीर्ष ते माघ हा आहे. फाल्गुन वद्यात हिवाळी पाहुण्यांपैकी बरेचसे उत्तरेकडे परतलेले असतात. ज्यांचा मुख्य ओढा पक्ष्यांकडे आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारीत वेगळे जावे. आयोजकाने हे आपण होऊन सांगायला हवे होते, पण ते त्या तरुणाकडून कळले. दुसरी अशी, की १६ माणसांत एकच दुर्बीण होती. प्रत्येकाच्या वाट्याला ती मिनिटभर येई, आणि तेवढ्यात पक्षी हलत असे. आणखी दोन दुर्बिणी ठेवल्याने खर्च फारसा वाढणार नाही, पण त्या सकाळीचा लाभ दुप्पट होईल.

त्याच दुपारी पैठणीच्या मागांकडे गेलो. तिथे आम्ही दुकानात शिरलो नाही, विणकराच्या घरातील मागाशेजारी बसलो, ही निवड मला फार आवडली. पदरावर बांगडी मोर उतरत होता. एरवी कापडात धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. येथे मात्र मोराच्या पिसाऱ्यातील प्रत्येक रंगाला स्वतंत्र कांडी असते, आणि ती त्या रंगापुरतेच ताण्याचे धागे ओलांडून परत फिरते. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तरी नक्षी तशीच दिसते, मागे धाग्यांचे लोंबते टोक आढळत नाही. विणणाऱ्या ताईंनी नखाने एक हिरवा धागा उचलून शेजारच्या जांभळ्यात अडकवला, फणी हलकेच ओढली, आणि तासाभराने मोराची मान अर्ध्या बोटानेच वाढलेली आम्ही पाहिली. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी बाजारात यंत्रमागावरची नक्कल सर्रास विकली जाते. पदर उलटून पाहायची ही खूण प्रत्येक बाईने शिकून घ्यावी. आम्हाला कोणी साडी घेण्याचा आग्रह केला नाही.

रात्री उशिरा छबिना निघाला. सासूबाई थकल्या होत्या, म्हणून आयोजकाने त्यांच्यासह तीन वृद्धांना मिरवणुकीच्या वाटेवरील एका ओट्यावर खुर्च्या मांडून बसवले आणि आपल्या माणसाला तिथेच थांबायला सांगितले. बाकीच्यांनी नागघाटापर्यंत फिरून यावे, अशी मोकळीक दिली. अशा वेळी म्हाताऱ्या माणसांना खोलीवर ठेवून जाण्याची रीत मी इतर सहलींत पाहिली आहे.

अष्टमीला एक वाद झाला, तोही सांगते. सूर्यास्ताला काल्याची हंडी फुटून सोहळ्याची सांगता होते, आणि त्यानंतर हजारो गाड्या एकाच वेळी निघतात. ती गर्दी टाळण्यासाठी आयोजकाने दुपारी तीनलाच निघण्याचे ठरवले. त्यांची चिंता खोटी नव्हती, कारण काल्यानंतर निघाल्यास चालकाला रात्रभर गाडी हाकावी लागणार होती. परंतु काल्याशिवाय षष्ठीची वारी पुरी होत नाही, अशी इथली भावना आहे, आणि पत्रकात अष्टमीचा काला स्पष्ट लिहिलेला होता. आमच्यातील दोन ज्येष्ठांनी शांतपणे पत्रक पुढे केले. थोडा वेळ बोलणे झाल्यावर असे ठरले, की चालकाने दुपारभर झोप घ्यावी, आम्ही काला पाहावा आणि जेवून रात्री दहानंतर निघावे. गाडी गावाबाहेर सुमारे दोन किलोमीटरवर उभी होती, आणि तिथपर्यंत वृद्धांना नेण्यासाठी कोणतीही सोय केलेली नव्हती. शेवटी एका दिंडीच्या ट्रॅक्टरवाल्याने दया येऊन चौघांना नेले. गाडी गावात येऊ शकत नाही हे आयोजकाला आधीपासून माहीत होते, म्हणून ही उणीव मला खोल्यांच्या गोंधळाहून मोठी वाटते.

काल्याच्या वेळी मावळतीचा प्रकाश समाधी मंदिराच्या शिखरावर होता, आणि हंडी फुटताच लाह्यांचा पाऊस पडला. जवळच गाठींच्या, रेवड्यांच्या आणि तुळशीमाळांच्या दुकानांत दिवे लागले. पाडवा आठवड्यावर आला असल्याने बायका नातवंडांसाठी साखरेच्या गाठी घेत होत्या.

५,४०० रुपये या सेवेसाठी मला जास्त वाटले नाहीत. चालायला धडधाकट असलेल्यांनी निःशंक जावे. वृद्धांना नेणाऱ्यांनी तळमजल्याची खोली लेखी घ्यावी, गाडी कुठे उभी राहील आणि तिथून पुढे कसे नेणार हे आधी विचारावे, आणि काल्यापर्यंत थांबणार की नाही याची खात्री करून मगच पैसे भरावेत. आयोजकाने पुढील वर्षी वृद्धांसाठी बॅटरीवरची रिक्षा आणि तीन दुर्बिणी ठेवण्याचे कबूल केले आहे. वाळवंटातील कनात, ओल्या गोणपाटांची वाट आणि ते माठ जसेच्या तसे ठेवावेत, एवढीच माझी त्यांना विनंती आहे. पहाटे घरी पोचल्यावर सासूबाईंनी पदराची गाठ सोडून काल्याच्या लाह्या देवापुढे ठेवल्या आणि झोपण्याआधी मला विचारले की पुढच्या षष्ठीचे पैसे कधी भरायचे असतात.